चौदाशे एकचा निरोप

आयबीएमने १४०१ हा संगणक ऑक्टोबर १९५९ मध्ये जाहीर केला, आणि अमेरिकेतल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांनाही संगणक परवडू लागला. भाडं महिन्याला अडीच हजार डॉलरपासून पुढे. सोबतचा १४०३ प्रिंटर मिनिटाला सहाशे ओळी छापायचा; हिशेब खात्यांना त्याचीच मोठी भुरळ पडली. पगारपत्रकं, बिलं, गोदामातली शिल्लक अशा कामांसाठी दहा हजारांहून अधिक १४०१ बसले.

नवा संगणक घ्यायचा झाला, तर भाड्याचं जुनं यंत्र परत करणं तसं सोपं. अडचण कार्डांच्या कपाटात होती. ऐंशी रकान्यांच्या पंचकार्डांवरचे प्रोग्राम बहुधा ऑटोकोडरमध्ये, म्हणजे १४०१ च्याच रचनेला बांधलेल्या भाषेत लिहिलेले असत. कराचा नियम बदलला की घाईघाईने चालू गठ्ठ्यातली चार कार्डं बदलली जात आणि मूळ लिखाणात ती दुरुस्ती करायची राहून जाई. काही वर्षांनी पगाराचा हिशेब नेमका कसा निघतो, हे त्या गठ्ठ्यावरूनच शोधावं लागे. नवं यंत्र कितीही वेगवान असलं तरी हे सारं नव्याने लिहायचं कोणी, आणि तोवर पगार थांबवायचे का?

हे दुखणं आयबीएमची प्रतिस्पर्धी कंपनी हनीवेलने बरोबर हेरलं. डिसेंबर १९६३ मध्ये त्यांनी ‘हनीवेल २००’ आणला आणि त्याच्यासोबत १४०१ चे प्रोग्राम आपल्या यंत्रासाठी रूपांतरित करून देणारा ‘लिबरेटर’. मागणीचा ओघ सुरू झाला.

आयबीएमची सिस्टिम/३६० ही नवी मालिका ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झाली. तिची रचना १४०१ शी अजिबात जुळत नव्हती. मात्र मॉडेल ३० च्या पोटात असा मायक्रोकोड (यंत्राच्या आतल्या नियंत्रणाच्या सूचना) बसवता येत होता, की ते यंत्र १४०१ चे जुने प्रोग्राम जसेच्या तसे, तेही मूळ यंत्रापेक्षा जलद चालवायचं. या मालिकेतली ही सर्वांत शहाणपणाची सोय म्हणायला हवी. यंत्र आज बदलायचं आणि प्रोग्राम सवडीने, अशी मुभा व्यवस्थापकाला मिळाली. ती सवड अनेकांना सत्तरच्या दशकापर्यंत मिळालीच नाही, हा भाग वेगळा.

मुंबईत एस्सो या तेल कंपनीकडे १९६१ मध्येच १४०१ आला होता. पुढे परदेशात वापरून झालेले १४०१ आयबीएमच्या मुंबईतल्या कारखान्यात दुरुस्त होऊन भारतीय ग्राहकांना भाड्याने जाऊ लागले. परकीय चलनाची चणचण आणि आयातीवर निर्बंध, त्यामुळे यंत्र कधी बदलायचं हे इथल्या ग्राहकाच्या हाती फारसं नव्हतंच. जुन्या यंत्रांच्या या व्यवहारावर सरकारदरबारी नाराजी वाढत गेली. ‘फेरा’ या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी मालकी ४० टक्क्यांवर आणायला आयबीएम तयार झाली नाही आणि १९७८ मध्ये तिने भारत सोडला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली.

दरम्यान १९७४ मध्ये फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखालच्या टीसीएसला (टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस) बरोज या अमेरिकी कंपनीचं असंच प्रोग्राम रूपांतराचं काम मिळालं होतं. रुग्णालयांच्या हिशेबाचे प्रोग्राम बरोजच्या एका संगणक मालिकेच्या कोबोल या प्रोग्रामिंग भाषेतून दुसऱ्या मालिकेच्या कोबोलमध्ये न्यायचे होते. हाताशी होता तो आयसीएल १९०३, म्हणजे तिसऱ्याच कंपनीचा संगणक. टीसीएसच्या मंडळींनी त्याच्यावर रूपांतर करणारा प्रोग्राम रचला आणि काम पुरं करून दिलं. भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीतल्या अगदी सुरुवातीच्या कामांत त्याची गणना होते.