भुशाची शेगडी आणि माझी एक्सेल शीट

गेल्या महिन्यात आमच्या टीममधली चार माणसं एका शुक्रवारी दुपारी लॉगआऊट झाली, ती परत लॉगिन झालीच नाहीत. मी वाचलो, पण 'बेंच'वर आहे. म्हणजे पगार चालू, काम बंद, आणि जीव टांगणीला. त्यात घराचा हप्ता दर पाच तारखेला इमानेइतबारे कापला जातो आणि बायकोला सातवा महिना लागलाय. मग इंजिनियर माणूस जे करतो तेच मी केलं. एक्सेल उघडलं. खर्चाच्या सत्तावीस ओळी, प्रत्येक महिन्याचा रकाना, बजेटच्या वर गेलं की खाना आपोआप लाल. बायकोला शीट शेअर केली आणि स्वतःवर खूश होऊन बसलो.

आजी सध्या आमच्याकडे मुक्कामाला आहे. सत्त्याहत्तर वर्षांची, चष्म्याशिवाय पेपर वाचते. तिने स्क्रीनकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "रॉकेल कुठे लिहिलंयस?"

आता आमच्याकडे पाइपचा गॅस. रॉकेल मी आयुष्यात एकदाच पाहिलंय, तेही सायकलची चेन साफ करताना. पण त्या प्रश्नावरून गाडी जी घसरली ती थेट १९७२ च्या गिरगावातल्या चाळीत जाऊन थांबली. गेले तीन वीकांत मी तेच ऐकतोय आणि मधूनमधून त्या काळाबद्दल वाचतोय. म्हणून हा लेख.

तर पार्श्वभूमी अशी. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. गावाकडे लोक रोजगाराच्या कामांवर खडी फोडत होते आणि तिथे त्यांना सुकडी वाटली जात होती. शहरात पाणी नळाला येत होतं, पण धान्य नव्हतं. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं, आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेलं तेल १९७४ उजाडेपर्यंत जवळजवळ बारा डॉलरवर गेलं. त्या वर्षी भारतात महागाईचा दर पंचवीस टक्क्यांच्या पुढे होता. आपल्याकडे सहा-सात टक्के झाला तर टीव्हीवर चर्चासत्रं होतात!

आजोबा सरकारी कचेरीत कारकून. पगार एकट्याचा, खाणारी तोंडं पाच: आजी-आजोबा, पणजी, माझे बाबा (तेव्हा तीन वर्षांचे) आणि शिकायला आलेला आजोबांचा धाकटा भाऊ. दोन खोल्या आणि समोर सामाईक गॅलरी.

या गॅलरीतच भुशाची शेगडी होती. मला हे प्रकरण इतकं आवडलंय की सविस्तर सांगतोच. पत्र्याचा डबा घ्यायचा, तळाजवळ बाजूला एक भोक पाडायचं. त्या भोकातून एक गोल दांडकं आडवं सारायचं आणि डब्याच्या मधोमध एक बाटली उभी ठेवायची, तिचं बूड दांडक्याला टेकलेलं. मग सुताराच्या कारखान्यातून आणलेला लाकडाचा भुसा भोवती ठासून भरायचा. ठासून म्हणजे अगदी मुठीने दाबून दाबून. शेवटी बाटली आणि दांडकं अलगद, गोल गोल फिरवत बाहेर काढायचं. आत इंग्रजी 'एल'च्या आकाराचं धुराडं तयार! खालच्या भोकातून चिंधी किंवा कागद पेटवून द्यायचा. भुसा नीट ठासलेला असेल तर शेगडी तासन्‌तास, धूर न करता, शांतपणे जळते. खालून हवा जाते, मधून जाळ येतो, भिंत आतून हळूहळू जळत जाते. आंघोळीचं पाणी, डाळ, बटाटे, सगळं त्याच्यावर.

"आणि बाटली काढताना कोसळलं तर?" मी विचारलं.

"तर काय, पहिल्यापासून," आजी म्हणाली. "एकदा तुझ्या बाबाने काठी घातली त्यात. सकाळचे सात वाजलेले. मी रडले होते."

भुसा जवळजवळ फुकट मिळायचा. रॉकेल मिळायचंच नाही. रॉकेलच्या रांगेत माणसं उभी नसत, डबे उभे असत. आपला डबा लावून यायचा, त्याला ओळखीची खूण करायची (आजीच्या डब्याला जुन्या परकराची नाडी), आणि घरी येऊन पोळ्या लाटायच्या. मधेच कोणीतरी ओरडे, "गाडी आली!" की सगळ्या धावल्या. आमच्या क्षेत्रात याला क्यू म्हणतात आणि त्यावर मुलाखतीत प्रश्न विचारतात. आजीला विचारले असते तर पहिल्या फेरीत सिलेक्ट झाली असती. डबा मागे सरकवणाऱ्या बाईचं काय करायचं याचंही उत्तर तिच्याकडे होतं. ते इथे लिहिता येणार नाही. :)

जे थोडं रॉकेल मिळे ते पुरवायचं म्हणजे डाळ-तांदूळ आधी भिजत घालायचे, पातेल्यावर ताटली आणि ताटलीत पाणी, म्हणजे तेही फुकटात गरम. भाताला एक उकळी आली की पातेलं उतरवून जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवायचं. उरलेलं शिजणं गोधडीत. ही युक्ती मी घरी करून पाहिली. भात शिजला, गोधडीला वास लागला, बायकोने दोन दिवस अबोला धरला.

बाकी युक्त्या तुमच्याही आज्यांना माहीत असतील. दोडक्याच्या शिरांची चटणी, शिळ्या पोळीचा कुस्करा, जुने कपडे देऊन बोहारणीकडून पातेलं, आणि ते घेताना अर्धा तास घासाघीस. दुधाबद्दल मात्र एक गंमत कळली. आरेच्या बाटलीचं अल्युमिनियमचं झाकण धुऊन, साठवून आजी भंगारवाल्याला विकायची. त्या बाटलीतलं टोन्ड दूध हीसुद्धा एक काटकसरच होती. मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी १९४० च्या दशकात म्हशीच्या सायीदार दुधात साय काढलेल्या दुधाची पावडर आणि पाणी मिसळून तेवढ्याच दुधात जास्त घरं भागवायची रीत बसवली. गवळी तेच करतो तेव्हा आपण भांडतो. खुरोडींना १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सरकारनेही लोकांना बचत शिकवली, पण ती जरा वेगळ्या पद्धतीने. जुलै १९७४ मध्ये वटहुकूम निघाला की पगारात होणारी वाढ पूर्ण, आणि महागाई भत्त्यातल्या वाढीचा अर्धा भाग, सक्तीने ठेव म्हणून जमा होणार. लोकांच्या हातात पैसा कमी गेला की भाव उतरतील हा त्यामागचा हिशेब. तो पैसा पुढे हप्त्याहप्त्याने व्याजासकट परत मिळाला. अर्थशास्त्र म्हणून मला ते समजतं. पण महागाई वाढली म्हणून मिळालेला भत्ताच अर्धा अडवला, तर त्या महिन्याचं तेल कुठून आणायचं? आजोबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा पणजी म्हणाली होती म्हणे, "म्हणजे सरकारने आपल्याकडे भिशी लावलीय आणि आपला नंबर शेवटचा!"

भिशीवरून आठवलं. मी 'पैसे वाचवायच्या युक्त्या' म्हणून आजीला विचारत होतो आणि ती मला सारखी माणसांच्या गोष्टी सांगत होती. सुरुवातीला वाटलं विषय भरकटतोय. मग लक्षात आलं की यातलं एकट्याने करण्यासारखं फारच थोडं होतं. डबा रांगेत लावायचा तर शेजारणीने लक्ष ठेवायला हवं. भिशीला बारा जणी हव्यात. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची कल्पना अशी की आसपासच्या घरांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी आणि पैसे एकत्र द्यायचे, माल एका घरी उतरवायचा आणि सभासदांनीच तो वाटून घ्यायचा. दुकान नाही, जाहिरात नाही, दलाल नाही. वाटपाच्या दिवशी आजीच्या खोलीत पोत्यांमधून वाट काढावी लागायची. आज आपण दहा मिनिटांत डिलिव्हरी मागवतो आणि वर हँडलिंगचे पैसे भरतो. असो.

आणि लाटणी. १९७२ मध्येच मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट. एरवी या पक्षांचं एकमेकांशी पटायचं नाही, पण तेल, साखर आणि रॉकेल या मुद्द्यावर पटलं. बायका लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत मोर्चाला निघाल्या. घरात काटकसर करणाऱ्या बाईने एका टप्प्यावर ओळखलं की आता काटायला काही उरलेलं नाही, आता भाव ठरवणाऱ्याच्या दारात जायला हवं. मला इतिहास म्हणून यातला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो. १९७७ च्या निवडणुकीत मृणालताई आणि अहिल्याताई दोघी मुंबईतून लोकसभेवर गेल्या. मृणालताईंनी गोरेगावात पाण्यासाठी लढे दिले होते. त्या निवडून आल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हाची 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा बाबांनाही आठवते.

आजी मोर्चाला गेली होती का? "एकदाच," ती म्हणाली. "पोट पुढे आलं होतं ना. तुझी आत्या."

मग तिने मिलोचं सांगितलं. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लालसर ज्वारी, रेशनवर मिळायची. भाकरी थापताना तुटायची आणि कुणालाच आवडायची नाही. रेशनचा गहू महिनाभर पुरायचा नाही. मग गव्हाच्या पोळ्या आजोबांना, काकांना आणि बाबांना. पणजीला दात नव्हते, तिला मऊ भात. आणि मिलो?

"मी खायचे," आजी म्हणाली. अगदी सहज, वीज बिल भरलं म्हणावं तसं. "कुणी सांगितलं नव्हतं हो. पण कुणी विचारलंही नाही."

आत्या जन्मली तेव्हा तिचं वजन फार कमी होतं. दोन महिने तिला कापसात गुंडाळून ठेवली होती. हे मी घरात लहानपणापासून ऐकलंय. मिलोचं मात्र पहिल्यांदाच ऐकलं.

त्या रात्री मी शीट पुन्हा उघडली. आमचा खर्च दोन महिन्यांत बराच खाली आला होता आणि मी त्याचं श्रेय स्वतःच्या फॉर्म्युल्यांना दिलं होतं. व्हर्जन हिस्टरी काढून बघितली, म्हणजे कुणी कधी काय बदललं ते. माझा जिम तसाच होता. माझं इंटरनेट पॅकेज तसंच. ऑफिसच्या मित्रांबरोबरचं शुक्रवारचं जेवण तसंच. फळं अर्ध्यावर आणली होती बायकोने. कामाच्या मावशी बंद, बायकोने. ऑफिसला जाताना रिक्षाऐवजी बस, सातव्या महिन्यात, तीही बायकोनेच. एकेक बदल रात्री अकरानंतर केलेला, मी झोपल्यावर.

मी जिम बंद केला आणि शुक्रवारचं जेवणही. फळांचा आकडा होता तिथे नेला, मावशींना फोन केला. सोमवारी पाहिलं तर फळं पुन्हा अर्ध्यावर. आता त्या ओळीला पासवर्ड आहे, आणि तो फक्त आजीला माहीत आहे.