गोदींतला परका शिंपला

गोंदियाहून मुंबई आगगाडीनें सुमारें हजार किलोमीटर दूर आहे. आमच्या जिल्ह्यांतील पुष्कळ माणसांनीं समुद्र पाहिलेला नसतो, आणि तो न पाहिल्यानें त्यांचें कांहीं अडलेंही नाहीं; कारण पाणी म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें तलाव उभा राहतो. तेव्हां समुद्रांतील एका शिंपल्याचा इतिहास सांगावयास गोंदियाच्या प्राध्यापकानें कां बसावें, असें वाचकांस वाटणें साहजिक आहे. उत्तर ओघांत येईलच.

हा शिंपला दिसावयास अगदीं क्षुद्र. लांबी दोन-अडीच सेंटिमीटर, रंग काळपट तपकिरी, आकार कोंकणांतील शिणाण्यांचें धाकटें भावंड शोभावा असा. त्याचें शास्त्रीय नांव मायटिलॉप्सिस सालेई. आरंभीं आपल्याकडील अभ्यासकांनीं त्यास काँजेरिया म्हटलें होतें. मूळ वास्तव्य मेक्सिकोचें आखात व कॅरिबियन समुद्र. तेथून तो निघाला तो स्वतःच्या बळावर नव्हे, तर जहाजांच्या तळाला चिकटून. भारतांत तो प्रथम आढळला १९६७ सालीं, विशाखापट्टणमच्या बंदरांत. गणपती, लक्ष्मणराव व वर्गीस यांनीं १९७१ सालीं त्याविषयीं निबंध प्रसिद्ध केला. पुढें १९७५ सालीं मुंबईच्या नौदल प्रयोगशाळेतील करंदे व मेनन यांनीं त्यावर लिहिलें, तेव्हां लेखाच्या मथळ्यांतच त्यास भारतीय बंदरांतील नवागत म्हटलें होतें. हा नवागत एव्हांना मुंबईकर झाला होता.

मुंबईकर होण्यास लागणारे सर्व गुण त्याच्या अंगीं आहेत, असें विनोदानें म्हणतां येईल. दाटीवाटीनें राहावें, घाण पाण्याचें वावडें नसावें आणि मिळेल त्या जागेस घट्ट धरून बसावें! नर व मादी आपापलें बीज पाण्यांत सोडतात. त्यांतून निपजलेलें सूक्ष्म पिल्लू कांहीं दिवस तरंगत राहतें आणि मग भिंत, खांब, दोर, जहाजाचा तळ, जें सांपडेल तें रेशमासारख्या चिवट धाग्यांनीं धरून बसतें. महिन्या-दीड महिन्यांत तें स्वतः वंशवृद्धीस समर्थ होतें. एकेक मादी हजारों अंडीं सोडते. विशाखापट्टणमला एका चौरस मीटरवर शंभर किलोग्रॅमपर्यंत शिंपले साठल्याची नोंद आहे. म्हणजे शिंपल्यांवर शिंपले, त्यांवर पुन्हां शिंपले, आणि तळाचे गुदमरून मेलेले.

परंतु त्याचें खरें सामर्थ्य निराळेंच आहे. समुद्रांतील बहुतेक प्राण्यांस पाण्याचा खारटपणा थोडाफार ठराविक लागतो. आपल्याकडे पावसाळ्यांत बंदरांचें आणि खाड्यांचें पाणी जवळजवळ गोडें होतें, आणि गोदीच्या भिंतींवरचे कित्येक देशी रहिवासी त्यांत बळी पडतात. हा पाहुणा मात्र जवळजवळ गोड्या पाण्यांत जगतो आणि समुद्राहून खारट पाण्यांतही जगतो. परिस्थिति फारच बिघडली तर शिंपा घट्ट मिटून दिवसच्या दिवस स्वस्थ पडून राहतो. जो मोसमी पाऊस आपल्या किनाऱ्याचा नैसर्गिक पहारेकरी व्हावयाचा, तोच शेजाऱ्यांना मारून याच्यासाठीं जागा मोकळी करून देतो. गोद्यांचें पाणी बांधलेलें व शांत, तेव्हां लाटांचीही भीति नाहीं. मुंबईची प्रिन्सेस गोदी १८८० सालीं झाली. जहाजांना निवांतपणा मिळावा म्हणून मोठ्या खर्चानें आपण जी व्यवस्था केली, ती या शिंपल्यालाच सर्वांत अधिक मानवली!

याचेंच चुलत घराणें झेब्रा शिंपल्याचें. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांच्या प्रदेशांत तें १९८८ सालीं सांपडलें आणि थोड्याच वर्षांत तेथील शहरांचे पाण्याचे नळ त्यानें तुंबविले. सालेईला एकदांच कोणीं पुरतें हरविल्याचें आम्हांस ठाऊक आहे. १९९९ सालीं ऑस्ट्रेलियांतील डार्विन येथें नौकांच्या धक्क्यांत पाणबुड्यांस तो आढळला. तेथील सरकारनें धक्क्यांचे दरवाजे बंद करून पाण्यांत क्लोरीन व मोरचूद ओतलें आणि महिन्याभरांत त्याचा निःपात केला. त्या पाण्यांतील इतर जीवही अर्थात् मेले. हा उपाय योग्य म्हणावा कीं नाहीं, याविषयीं आमचें मन अद्यापि निश्चित होत नाहीं. पण तो शक्य झाला तो केवळ वेळेवर पाहिल्यामुळें, एवढें खरें. विशाखापट्टणमच्या बंदराला असें दार लावतां आलें नसतें. आणि मुंबईंत दारें होतीं, पण त्यांतून रोज जहाजें ये-जा करीत होतीं. जहाजांतील भारपाण्याविषयींचा आंतरराष्ट्रीय करार २००४ सालीं ठरला व २०१७ सालीं अमलांत आला. केरळच्या खाड्याही या शिंपल्यानें गांठल्या आहेत.

आतां आमच्या तलावांकडे येऊं. नवेगांव बांध अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधला असें परंपरा सांगते. असे लहानमोठे तलाव या बाजूस ठायीं ठायीं आहेत. मालगुजारी १९५१ सालीं गेली, तेव्हांपासून त्यांना ‘माजी मालगुजारी’ आणि पुढें थोडक्यांत ‘मामा’ तलाव म्हणूं लागले. समुद्राचा शिंपला येथें पोंचलेला नाहीं, परंतु परके पाहुणे पोंचले आहेत. शिंपला जहाजाखालीं चोरून आला; आमच्याकडचे कित्येक पाहुणे आपण आमंत्रण देऊन आणले. तिलापिया १९५२ सालीं देशांत आला, बँकॉककडचा सायप्रिनस १९५७ सालीं, गवत्या व चंदेरा १९५९ सालीं. हेतु चांगलाच होता: भुकेल्या देशाला मासळी हवी होती. पण मरळीसारख्या देशी माशांचें काय होईल, हें तलावावर पिढ्यान् पिढ्या जाळें टाकणाऱ्या ढिवरांस कोणीं विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. त्यांतच अमेरिकेंतून आलेलें बेशरमाचें झुडूप कांठाकांठानें गाळांत पसरलें. तोडलेली फांदी चिखलांत पडली कीं तीच पुन्हां रुजते. मासे ज्या पाणवनस्पतींत अंडीं घालीत, त्यांची जागा त्यानें घेतली.

नांवें ठेवण्यांत मात्र लोक चुकत नाहींत. केरळचे मच्छिमार सालेईला ‘वरत्तन कक्का’, म्हणजे उपरा शिंपला, म्हणतात. त्यांच्या देशी कक्क्यांची जागा त्यानें बळकावली. आमच्या झुडपाला ‘बेशरम’ हें नांव कोणीं दिलें तें ठाऊक नाहीं, पण त्यानें तें झुडूप उपटून पाहिलेलें असावें. मुंबईच्या शिंपल्याला मराठी नांव आम्हांस कोठें आढळलें नाहीं. कदाचित् गोदीच्या भिंती कोणाच्या जाळ्याखालीं येत नाहींत, म्हणून तें पडलें नसेल. तेथील कोळीवाड्यांत तसें एखादें नांव रूढ असल्यास, तें कळविणाऱ्या वाचकाचे आम्ही आभारी होऊं.