रिंगमधील कथा : दिल्लीचा आखाडा आणि व्यावसायिक कुस्तीची विद्या

नवी दिल्लीतील इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये 9 डिसेंबर 2017 रोजी डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कंपनीचा कुस्तीचा कार्यक्रम झाला. मुख्य लढत होती ट्रिपल एच आणि जिंदर महल यांची. जिंदर हा कॅनडात जन्मलेला, पंजाबी वंशाचा मल्ल. त्याच वर्षी मे ते नोव्हेंबर या काळात कंपनीचे सर्वोच्च विजेतेपद त्याच्याकडे होते. अमेरिकेत त्याला खलनायकाची भूमिका दिलेली होती आणि तेथील प्रेक्षक त्याची हुर्यो उडवीत. दिल्लीत मात्र तो अनेकांना आपला वाटत होता. लढतीत जिंदर हरला. त्यानंतर दोघांनी हस्तांदोलन केले आणि रिंगमध्येच भांगडा रंगला. निकाल आधीच ठरलेला होता, हे स्टेडियममधील बहुतेकांना ठाऊक असावे. तरीही आरोळ्या खऱ्याच होत्या. ठरलेल्या निकालातून खरी भावना निर्माण करणे हीच व्यावसायिक कुस्तीची विद्या होय, आणि ती शिकावी लागते.

येथे एका शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. ऑलिम्पिकमधील 'फ्रीस्टाइल' हा गुणांवर खेळला जाणारा क्रीडाप्रकार आहे. आपल्याकडे मात्र दारासिंग आणि किंगकाँग यांच्या काळातील रिंगमधील लढतींनाही 'फ्री स्टाइल कुस्ती' म्हणत. मराठी वृत्तपत्रांतील 'फ्रीस्टाइल हाणामारी' हा शब्दप्रयोग या दुसऱ्या अर्थाशी जुळतो. ऑलिम्पिकच्या नियमबद्ध कुस्तीशी त्याचा संबंध नाही.

आखाड्याची शिस्त

दिल्ली हे तसे अस्सल कुस्तीचे शहर. मूळचे राजस्थानातील चिडावा येथील विजयपाल, म्हणजेच गुरु हनुमान यांनी दिल्लीतील बिर्ला मिलजवळच्या आखाड्यात अनेक पिढ्या घडविल्या. सतपाल, करतारसिंग, सुदेशकुमार, प्रेमनाथ हे त्यांचेच शिष्य. गुरु हनुमान यांना 1983 मध्ये पद्मश्री आणि 1987 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. 1999 मध्ये मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. सतपाल यांनी 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले आणि पुढे छत्रसाल स्टेडियममध्ये सुशीलकुमारसारखे मल्ल तयार केले. हरिश्चंद्र बिराजदार आणि युवराज पाटील यांच्याशी झालेल्या सतपाल यांच्या लढतींमुळे त्यांचे नाव महाराष्ट्रातील जुन्या कुस्तीशौकिनांना चांगलेच परिचित आहे.

आखाड्यातील शिक्षण पहाटे माती उकरण्यापासून सुरू होते. तेल, हळद, ताक घालून माती मऊ ठेवायची, ती अंगाला लावायची, मग व्यायाम आणि मग लढत. महाराष्ट्रातील तालमीत 'जोर' म्हणजे हातांवर शरीर तोलून काढायचा व्यायाम, ज्याला उत्तरेत दंड म्हणतात. दिल्लीच्या आखाड्यात मात्र 'जोर करणे' म्हणजे जोडीदाराशी सरावाची कुस्ती खेळणे. एकच शब्द, पण मराठी मल्ल दिल्लीत गेला की पहिल्याच दिवशी गोंधळावा असा.

या परंपरेत जुळवून खेळलेल्या लढतीला 'नूरा कुश्ती' म्हणतात आणि हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. दोन पैलवानांनी आधीच ठरवून एकमेकांना चितपट न करता इनाम वाटून घेणे म्हणजे आखाड्याच्या इभ्रतीला बट्टा. राजकारणातील लुटुपुटूच्या लढाईलाही हिंदीत, आणि क्वचित मराठीतही, हेच नाव मिळाले आहे. आखाड्यात जे पाप, तेच रिंगमध्ये कसब ठरते. या दोन जगांतील अंतर इतके मोठे आहे की आखाड्यातून रिंगमध्ये जाणाऱ्या मल्लाला शरीराच्या आधी मन वळवावे लागते.

दारासिंग यांचा सेतू

हा पूल भारतात सर्वाधिक यशस्वीपणे ओलांडला तो दारासिंग यांनी. अमृतसर जिल्ह्यातील धर्मूचक गावचे दारासिंग 1947 मध्ये सिंगापूरला गेले आणि रिंगमधील कुस्तीत नावारूपाला आले. 29 मे 1968 रोजी मुंबईत त्यांनी अमेरिकेच्या लू थेझ यांच्यावर विजय मिळविला. हंगेरियन वंशाचा अवाढव्य किंगकाँग हा त्यांचा आदर्श प्रतिस्पर्धी. एकीकडे देखणा, संयमी देशी मल्ल आणि दुसरीकडे दाढीधारी राक्षस! कथानक समजायला भाषेची गरजच नव्हती. चित्रपटसृष्टीने हे लगेच हेरले आणि 1962 च्या 'किंग काँग' या चित्रपटात दारासिंग नायक झाले. 1983 मध्ये दिल्लीतच त्यांनी रिंगचा निरोप घेतला. त्यांच्या कोणत्या लढती किती ठरलेल्या होत्या, यावर शौकीन आजही वाद घालतात. या वादातच त्यांच्या कलेचे यश आहे, असे म्हणावे लागेल.

आधी पडायला शिका

व्यावसायिक कुस्तीच्या शाळेत पहिला धडा डावांचा नसतो. तो पडण्याचा असतो. या पडण्याला 'बंप' म्हणतात. हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोके मागे आपटत नाही. पाठीचा वरचा सपाट भाग एकदम टेकवायचा, त्याच क्षणी दोन्ही तळहात जमिनीवर मारायचे आणि श्वास सोडायचा. आघात एका बिंदूवर न राहता पसरतो आणि आवाजही मोठा होतो. रिंगचा पृष्ठभाग गादीसारखा असतो, हा गैरसमज आहे. पोलादी चौकटीवर फळ्या, त्यावर पातळ फोम आणि वर ताणलेले कॅनव्हास, इतकाच तो थर असतो. नवशिक्याला हीच कृती शेकडो वेळा करावी लागते. पाठ हिरवीनिळी होते. अनेक जण येथेच शाळा सोडतात.

यानंतर दोरांवर धावणे, एकमेकांची मान व कोपर पकडून लढतीला तोंड फोडणे, पकडी देणे आणि सोडवणे हे शिकविले जाते. अमेरिकी पद्धतीत पकडी सहसा शरीराच्या डाव्या बाजूवर घेतल्या जातात, तर मेक्सिकोतील परंपरा उजव्या बाजूची आहे. हा संकेत पाळल्यामुळे कधीही न भेटलेले दोन मल्लही लढू शकतात. फेकला जाणारा मल्ल स्वतः उडी मारून साहाय्य करतो आणि फेकणारा त्याच्या मानेची काळजी घेतो. आखाड्यात प्रतिस्पर्ध्याचा तोल बिघडवायचा असतो. येथे तो सांभाळायचा असतो.

हा विश्वास तुटला तर काय होते, याचे उदाहरण भारतीय मल्लाच्या चरित्रातच आहे. हिमाचल प्रदेशातील दलीपसिंग राणा, म्हणजे पुढचा 'द ग्रेट खली', कॅलिफोर्नियातील एका शाळेत शिकत असताना 2001 मध्ये त्याच्यासोबतच्या सरावात एका प्रशिक्षणार्थीचा दुखापतीने मृत्यू झाला. पुढे न्यायालयीन खटल्यात ज्यूरीने निष्काळजीपणाचा ठपका त्या शाळेवर ठेवला. निकाल लटका असला तरी गुरुत्वाकर्षण लटके नसते. म्हणूनच पंच हा केवळ तीन आकडे मोजणारा इसम नसतो. तो दोघांमध्ये निरोप पोहोचवितो, वेळ सांगतो आणि दुखापत खरी असेल तर दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरून मदत बोलावितो.

डावांतून गोष्ट

लढतीची रचना एखाद्या संगीत नाटकासारखी अंकांत विभागलेली असते. आरंभी नायक वरचढ दिसतो. मग खलनायक लबाडीने, बहुधा पंचाची पाठ फिरताच, बाजी उलटवितो. यानंतरचा भाग सर्वांत लांब आणि सर्वांत महत्त्वाचा असतो. नायक मार खातो, मध्येच उसळतो, पुन्हा दाबला जातो. प्रेक्षकांची आशा तेवत ठेवायची पण पुरी करायची नाही. अखेर तो उठतो आणि निर्णायक डावाकडे लढत जाते. गुडघा दुखावला असे पहिल्या पाच मिनिटांत दाखविले असेल तर शेवटच्या मिनिटालाही लंगडणे विसरून चालत नाही. वेदना दाखविण्याच्या या अभिनयाला 'सेलिंग' म्हणतात. चांगला मल्ल डाव कमी मारतो आणि डावांच्या मधल्या जागा अधिक वापरतो. हे नवख्यांना उशिरा उमगते.

बहुतेक वेळा शेवट आणि दोन-चार महत्त्वाचे प्रसंगच आधी ठरलेले असतात. उरलेली लढत मल्ल प्रेक्षकांचा कल पाहत, कुजबुजत जुळवीत जातात. बहुधा खलनायकच ती चालवितो. म्हणून अनुभवी मल्लाला खलनायक करण्याची प्रथा आहे. जिंदरचे काका गामासिंग हे कॅनडातील कॅलगरी येथे अनेक वर्षे असेच नावाजलेले खलनायक होते. नाव मात्र त्यांनी अजिंक्य गामा पैलवानाचे घेतले होते. परदेशात भारतीयाला खलनायक करणे ही त्या धंद्यातील जुनी आणि फारशी भूषणावह नसलेली सवय आहे. दिल्लीत तीच गोष्ट सांगताना तिचा अर्थ उलटतो आणि कथाकाराला नवी मांडणी करावी लागते. 2017 च्या भांगड्याकडे या दृष्टीने पाहता येते.

हे सारे खरे असल्याचे भासविण्याच्या संकेताला या व्यवसायात 'केफेब' म्हणतात. 1989 मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात आपली कुस्ती मनोरंजन आहे, असे कंपनीनेच कबूल केले, कारण क्रीडा म्हणून येणारी बंधने आणि कर टाळायचे होते. गुपित फुटले, प्रेक्षक मात्र गेले नाहीत. नव्वदच्या दशकात मल्लांच्या चित्रांचे पत्ते खेळत वाढलेल्या भारतीय मुलांना तर हे कळूनही फारसा फरक पडला नाही.

नवी शाळा

2007 मध्ये जागतिक विजेतेपद मिळविलेल्या खलीने 2015 मध्ये जालंधर येथे प्रशिक्षण संस्था सुरू केली. तेथे 2016 मध्ये घडलेला एक प्रसंग देशभर पाहिला गेला. रिंगमधील महिला मल्लाने खुले आव्हान दिले आणि प्रेक्षकांतून सलवार-कमीज घातलेली एक स्त्री पुढे येऊन तिला उचलून आपटू लागली. अनेकांनी तो उत्स्फूर्त प्रसंग मानला. ती होती हरियाणाच्या जिंद जिल्ह्यातील कविता देवी, मूळची भारोत्तोलक. 2017 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय महिला ठरली, आणि तेथेही तिने तोच पोशाख कायम ठेवला.

महाराष्ट्रानेही हा प्रयोग पाहिला आहे. 'रिंग का किंग' या हिंदी मालिकेचे चित्रीकरण पुण्यातील बालेवाडी क्रीडासंकुलात झाले आणि 2012 च्या जानेवारी ते एप्रिलमध्ये ती दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आली. परदेशी मल्लांसोबत भारतीय नवोदितही त्यात उतरले होते. मालिकेचा दुसरा हंगाम झाला नाही. त्यातील 'महाबली वीरा' हा पंजाबी तरुण मात्र नंतर 'महाबली शेरा' या नावाने अमेरिकेतील रिंगमध्ये झळकला.