कान्हेरीच्या लेखातील शक राजकन्या

सातवाहनांच्या राजकुळात परकीय वंशातील एक राजकन्या राणी म्हणून नांदत होती, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांतून बहुधा एका वाक्यात उरकली जाते. 'राजकीय विवाह' एवढे म्हटले की काम भागते. आम्हांस मात्र या विवाहाचा अधिक गांभीर्याने विचार व्हावा असे वाटते. कारण त्याची नोंद जपून ठेवली आहे ती एका बौद्ध लेण्याने.

मुंबईजवळील कान्हेरी, म्हणजे प्राचीन कण्हगिरी, येथील पाण्याच्या एका टाक्यावर ब्राह्मी लिपीतील खंडित लेख आहे. त्यात वासिष्ठीपुत्र श्रीसातकर्णीच्या राणीचा निर्देश येतो. ती कार्दमक राजवंशात जन्मलेली, महाक्षत्रपाची कन्या. या महाक्षत्रपाच्या नावातील 'रु' हे अक्षर तेवढे उरले असून तो रुद्रदामनच होय, असे विद्वान मानतात. राणीचे स्वतःचे नाव उरलेल्या अक्षरांत नाही. पिता कोण, पती कोण, हे दगडाने राखले. तिचे नाव राखले नाही. टाक्याचे दान अमात्य शतेरक याचे आहे. तेव्हा केवळ या लेखाच्या आधारे राणीस उपासिका ठरविण्याचा मोह आपण टाळलाच पाहिजे.

लेखाची भाषा संस्कृत आहे, हे पालीच्या अभ्यासकाच्या लगेच ध्यानी येते. सातवाहनांचा राजव्यवहार प्राकृतात चाले. संस्कृत गद्यास राजलेखात मानाचे स्थान दिले ते रुद्रदामनच्या जुनागढ लेखाने. म्हणजे ज्यांना परकीय म्हणून हिणविले गेले त्यांनीच!

आता नाशिककडे वळू. गौतमी बलश्रीने नातू पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षी तेथील लेणे भदावनीय भिक्खुसंघास दिले. त्या लेखात तिने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची थोरवी गायिली आहे. शक, यवन व पल्हव यांचा त्याने नाश केला, क्षहरातांचा वंश निःशेष केला, तो 'एकब्राह्मण' होता आणि चार वर्णांचा संकर त्याने थांबविला, असे ती माता अभिमानाने सांगते. दान भिक्खुसंघास आणि प्रशस्ती चातुर्वर्ण्याची, ही विसंगती आमच्या अभ्यासकांनी पुरेशी तपासलेली नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात तर शकांची गणना वृषलत्वास पोहोचलेल्या जातींत केली आहे. असे असता, ज्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीस सर्वसाधारणपणे गौतमीपुत्राचाच मुलगा मानतात, त्याच्या घरात शककन्या पट्टावर बसली. वर्णसंकर थांबविल्याची घोषणा एका पिढीसही पुरली नाही, असेच यावरून म्हणावे लागते. आणि विहारातील लेखाने तिचे कुल लपविले नाही, उलट ते राजवंश म्हणून गौरविले. भिक्खूंच्या पाण्याच्या टाक्यावर हे कोरलेले आहे. महाडच्या चवदार तळ्याचे १९२७ हे साल ज्यांच्या हृदयावर कोरलेले आहे, त्यांना याचे मोल निराळे सांगावयास नको.

या नात्याचा राजकीय परिणामही झाला. शक संवत् ७२, म्हणजे इ. स. १५० च्या जुनागढ लेखात रुद्रदामन सांगतो की, दक्षिणापथपती सातकर्णीस आपण दोनदा जिंकले, परंतु संबंध दूरचा नसल्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. हा सातकर्णी नेमका कोणता, याविषयी मतभेद आहेत. तथापि हा संबंध कान्हेरीच्या राणीमुळेच जुळला असावा, असे आम्हांस वाटते. शस्त्राने जे राज्य राखता आले नाही, ते या अनाम स्त्रीच्या नात्याने राखले.

यवतमाळच्या वाचकांनी हा सारा इतिहास पश्चिम किनाऱ्याचा म्हणून दूरचा मानू नये. शेजारच्या वाशीम जिल्ह्यात तऱ्हाळा येथे १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. भंडारा जिल्ह्यातील पवनी या स्तूपांच्या गावी तर महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा छायास्तंभ सापडला आहे. शक विदर्भातही आले होते.

नाव टिकून राहिलेली एक शक राजकन्याही आहे. क्षहरात नहपानाची मुलगी आणि उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने नाशिकच्या लेण्यात भिक्खूंसाठी एक 'ओवरक' दिला. आपला 'ओवरी' हा शब्द त्यातूनच आला. तिच्या दानलेखात पित्याचे व पतीचे नाव आहेच. पण दात्री म्हणून तिचे स्वतःचे नाव आजही वाचता येते.