कायदा, कवायत आणि जादूची किताब

जादूटोण्याच्या पुस्तकाला फ्रेंचमध्ये ‘ग्रिम्वार’ म्हणतात. हा शब्द ‘ग्रामेर’चं, म्हणजे व्याकरणाचंच बदललेलं रूप. मध्ययुगीन युरोपात व्याकरण म्हणजे लॅटिनचं, आणि ते कळायचं पाद्र्यांना. न समजणारी अक्षरं पुटपुटणारा माणूस काहीतरी करणी करतोय असं लोकांना वाटलं, आणि व्याकरणाची पोथी मंत्रांची पोथी झाली. स्कॉटलंडमध्ये त्याच शब्दाचं ‘ग्लॅमर’ झालं. आधी अर्थ नजरबंदी, झगमगाट नंतरचा. आमच्या खालापुरात चौकजवळ नितीन देसाईंनी स्टुडिओ उभारला, ‘जोधा अकबर’चे सेट तिथे लागले. प्लास्टरचे बुरूज बघितले की जुना अर्थच बरोबर वाटतो.

आता आपल्याकडे पाहा. मुसलमान घरातलं मूल अलिफ-बे ज्या पुस्तकातून शिकतं त्याला म्हणतात ‘कायदा’. अरबीत काइदा म्हणजे पाया, नियम. त्याचं अनेकवचन कवाइद, आणि कवाइद म्हणजे व्याकरणही. शाळेच्या मैदानावरची कवायत तीच. म्हणजे त्या पोराच्या हातातलं पुस्तक नावानेच व्याकरण आहे. तरी अरबी अक्षरांचा कागद कुणाच्या उंबऱ्याशी सापडला की कुजबुज सुरू होते. तो फाटका कॅलेंडरचा तुकडा असला तरी.

हा संशय वाढवायला आमचेही लोक हातभार लावतात, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘ताईत’ हा शब्द कोशकार अरबी ‘तावीज’शी जोडतात, त्याच्या मुळाशी आहे अल्लाहचा आसरा मागणं. सिहर, म्हणजे जादू, कुरआनाने सूरह बकरात निषिद्ध मानली आहे. पण ताप आलेल्या मुलाच्या आईला आकडे भरलेली चौकट घडी करून विकणारा तिचा अर्थ सांगत नाही. सांगितला तर किंमत उरणार नाही. कर्जतकडच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरचा भगत निदान तोंडी तरी बोलतो. हा अक्षरांचे पैसे घेतो.

डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यातला ‘जादू’ फारसी, वेदातल्या ‘यातु’चा चुलतभाऊ, आणि ‘कायदा’ तोच, मदरशातला. मला तो मान्य आहे. फक्त उद्या कुठे झडती झालीच, तर हवालदाराने जादूची किताब म्हणून एखाद्या पोराचा कायदा उचलून नेऊ नये.