दोन दरवाजांचे विद्यापीठ : कोलंबिया आणि हार्लेम

विनयपिटकातील महावग्गात राजा बिंबिसाराच्या मनात आलेला एक विचार नोंदविलेला आहे. भगवान बुद्ध राजगृहास आले असता त्यांच्या निवासासाठी कोणती जागा योग्य ठरेल, याचा तो विचार करतो. जागा गावापासून फार दूर नसावी आणि फार जवळही नसावी. जाण्यायेण्यास ती सोयीची असावी. ज्यांना भेटीची इच्छा आहे त्यांना तेथे सहज पोहोचता यावे. दिवसा तेथे गर्दी नसावी आणि रात्री गोंगाट नसावा. या कसोट्यांना आपले वेळुवन उतरते, असे त्यास वाटले आणि त्याने ते भिक्षुसंघास दान दिले. या छोट्याशा नोंदीत दोन गरजा शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. एक, अध्ययन व ध्यान यांना लागणारा एकांत. दुसरी, लोकांना असणारा प्रवेशाचा अधिकार. पुढे जगात जेथे जेथे विद्यापीठे उभी राहिली तेथे तेथे या दोन गरजांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न उभा राहिला.

नालंदेलाही तो चुकला नाही. ह्युएन त्संगाच्या चरित्रात नालंदा महाविहारास सुमारे १०० गावांचा महसूल लावून दिल्याचा उल्लेख आहे. काही दशकांनंतर आलेला इत्सिंग ही संख्या २०० हून अधिक सांगतो. या गावांतील २०० कुटुंबे दररोज तांदूळ, लोणी व दूध पोहोचवीत असत. त्यामुळे विद्यार्थ्यांना अन्नवस्त्राची विवंचना उरली नव्हती. महाविहाराच्या प्रवेशद्वारी द्वारपंडित प्रश्न विचारीत आणि उत्तरे देऊ शकणाऱ्यालाच आत घेत. कसोटी विद्येची होती, ही गोष्ट गौरवाची आहे. परंतु प्रवाशांच्या या वृत्तांतांत त्या गावांतील माणसे जवळजवळ दिसत नाहीत. पिंडपातासाठी भिक्षू दररोज गावात जात असे, तेव्हा गृहस्थाची व त्याची गाठ दररोज पडत असे. महसुलाने भोजनशाळा चालू लागली की तशी गाठ पडण्याचे कारण उरत नाही. गावाचे अन्न विहारात पोहोचत होते. विहाराची विद्या गावात किती पोहोचत होती, हे विचारण्याचा अधिकार त्या गावकऱ्यांना होता काय?

नालंदेच्या शेजाऱ्यांची बाजू आज ऐकता येत नाही. अर्वाचीन काळातील एका विद्यापीठाच्या शेजाऱ्यांनी मात्र आपली बाजू मोठ्या आवाजात मांडली आणि ती नोंदली गेली. ते विद्यापीठ म्हणजे न्यूयॉर्कचे कोलंबिया. आपल्या वाचकांस ते परके नाही. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये तेथे दाखल झाले आणि १९१६ पर्यंत तेथे शिकले. भारतातील जातींविषयीचा त्यांचा सुप्रसिद्ध निबंध ९ मे १९१६ रोजी तेथेच वाचला गेला. या विद्यापीठाने आपल्या शेजाऱ्यांशी कसा व्यवहार केला, हे पाहणे म्हणूनच आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

टेकडी आणि पायथा

इ.स. १७५४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था इ.स. १८९७ मध्ये मॉर्निंगसाइड हाइट्स या उंचवट्यावर आली. पश्चिमेस हडसन नदीचा उतार, पूर्वेस खडकाचा तुटलेला कडा. या कड्यावरून रस्ते काढणे अवघड व खर्चाचे होते. म्हणून त्या जागी सुमारे ३० एकरांचे मॉर्निंगसाइड पार्क हे सार्वजनिक उद्यान करण्यात आले. कड्याच्या माथ्यावर विद्यापीठ, चर्च, रुग्णालय व धर्मशिक्षणाच्या संस्था, पायथ्याशी हार्लेम. बाबासाहेब तेथे शिकत होते त्याच सुमारास हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांची वस्ती झपाट्याने वाढत होती. दक्षिणेतील वर्णद्वेषी राज्यांतून येणाऱ्या कुटुंबांनी पुढील दोन दशकांत हार्लेमला कृष्णवर्णीय अमेरिकेची जणू राजधानी बनविले. साहित्य, संगीत व राजकीय चळवळ यांचे ते केंद्र झाले. मात्र घरभाडे जास्त, घरे दाटीची व जुनी, आणि शहराच्या तिजोरीतून होणारा खर्च तुटपुंजा, ही त्या वस्तीची दुसरी बाजू होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर या दारिद्र्याची झळ माथ्यावरील संस्थांना जाणवू लागली. इ.स. १९४७ मध्ये कोलंबिया व तिच्या शेजारच्या संस्थांनी मिळून मॉर्निंगसाइड हाइट्स इन्कॉर्पोरेटेड ही संस्था काढली. डेव्हिड रॉकफेलर तिचे अध्यक्ष झाले. परिसराचे पुनरुज्जीवन हा तिचा घोषित हेतू होता. इ.स. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने जुन्या वस्त्या पाडून नवी बांधकामे करण्यास केंद्राचा पैसा उपलब्ध करून दिला होता. त्याच्या आधारे विद्यापीठाच्या उत्तरेस जुन्या घरांच्या जागी मध्यमवर्गीयांची सहकारी वसाहत व तिच्या शेजारी गरिबांसाठी सरकारी घरे उभी राहिली. नवी घरे जुन्यांपेक्षा चांगली होती, यात शंका नाही. परंतु जी कुटुंबे उठविली गेली त्यांपैकी बहुतेकांचे पुनर्वसन त्याच जागी झाले नाही. पुढे १९६० नंतर विद्यापीठाने आसपासच्या भाड्याच्या इमारती विकत घेण्याचा सपाटा लावला. एकेका खोलीत राहणारे हजारो भाडेकरू बाहेर पडले. त्यांत कृष्णवर्णीय व पोर्तोरिकन लोकांचे प्रमाण फार मोठे होते. पुनरुज्जीवन या शब्दाचा अर्थ माथ्यावर एक आणि पायथ्याशी दुसरा असा होऊन बसला.

दोन दरवाजे

या पार्श्वभूमीवर व्यायामशाळेचे प्रकरण घडले. विद्यापीठास नवी व्यायामशाळा हवी होती आणि परिसरात मोकळी जागा नव्हती. राज्याच्या विधिमंडळाने इ.स. १९६० मध्ये परवानगीचा कायदा केला आणि १९६१ मध्ये सार्वजनिक उद्यानाची २.१ एकर जागा वर्षाला ३,००० डॉलर भाड्याने विद्यापीठास मिळाली. मोबदल्यात इमारतीचा एक लहान भाग हार्लेमच्या रहिवाशांसाठी राखावयाचा होता. हा भाग पुढे वाढवून, त्यात पोहण्याचा तलाव धरूनही, एकूण जागेच्या सातव्या हिश्श्याच्या आसपासच होता. इमारत कड्याला टेकून उभी राहणार होती. विद्यार्थ्यांनी माथ्यावरच्या दरवाजाने आत जावे आणि हार्लेमच्या लोकांनी पायथ्याच्या दरवाजाने, अशी तिची रचना होती.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. उताराची जागा असल्यामुळे दोन दरवाजे आले, असे विद्यापीठाचे म्हणणे होते, आणि स्थापत्याच्या दृष्टीने ते खोटे नव्हते. शिवाय त्याच उद्यानाच्या दक्षिण टोकास १९५० नंतरच्या दशकात विद्यापीठाने केलेले खेळाचे मैदान विद्यार्थी व वस्तीतील मुले वाटून वापरीत. त्यास फारसा विरोध झाला नव्हता. मग व्यायामशाळेलाच का झाला? कारण मैदान एक होते, त्याची वाटणी वेळेची होती. व्यायामशाळेत वाटणी माणसांची होती. इ.स. १९६० ते १९६८ या आठ वर्षांत नागरी हक्कांच्या चळवळीने वेगळ्या दरवाजाचा, वेगळ्या बाकाचा, वेगळ्या नळाचा अर्थ साऱ्या देशाला शिकविला होता. ज्यांच्या पूर्वजांना गावच्या पाणवठ्यावर वेगळी जागा दाखविण्यात आली, त्यांना हा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आराखडा काढणाऱ्याचा हेतू कागदावर दिसत नाही. कोणत्या दाराने जावयाचे, हे मात्र दिसते.

शहराच्या उद्यान आयुक्तांनी १९६६ मध्येच या योजनेस विरोध दर्शविला होता. तरीही फेब्रुवारी १९६८ मध्ये खोदकाम सुरू झाले. ४ एप्रिल रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. २३ एप्रिल रोजी विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, खोदकामाच्या जागेचे कुंपण तोडले आणि हॅमिल्टन हॉल ही इमारत ताब्यात घेतली. युद्धविषयक संशोधन करणाऱ्या एका संस्थेशी असलेला विद्यापीठाचा संबंध हे आंदोलनाचे दुसरे कारण होते. हॅमिल्टन हॉलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी शिस्तीने राहिले; हार्लेमच्या लोकांनी त्यांना अन्न आणून दिले. एकूण पाच इमारती ताब्यात गेल्या. ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस आत शिरले आणि सुमारे ७०० जणांस अटक झाली. व्यायामशाळेची योजना सोडून द्यावी लागली आणि त्याच वर्षी विद्यापीठाच्या अध्यक्षांनी पद सोडले. पुढे व्यायामशाळा विद्यापीठाच्या स्वतःच्या आवारातच, बरीचशी जमिनीखाली, बांधण्यात आली. म्हणजे उद्यानाची जागा घेण्यावाचून गत्यंतर नव्हते, असे नव्हते. उद्यानातील तो खड्डा मात्र सुमारे २० वर्षे तसाच पडून होता. १९९० च्या आसपास त्याचे तळे करण्यात आले व कड्यावरून धबधबा सोडण्यात आला. आज तेथे मुले बदके पाहावयास येतात.

विरोधाकडून कराराकडे

या अनुभवातून विद्यापीठ किती शिकले, याची परीक्षा पुढील शतकात झाली. इ.स. २००३ मध्ये कोलंबियाने १२५ व्या रस्त्याच्या उत्तरेस मॅनहॅटनव्हिल भागात सुमारे १७ एकरांवर नवा परिसर उभारण्याची घोषणा केली. त्या भागात गोदामे, मोटारदुरुस्तीचे कारखाने, पेट्रोल पंप आणि काही घरे होती. महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या विभागाच्या समुदाय मंडळाने १९९० नंतरच्या दशकापासून परिश्रमाने आपला स्वतःचा विकास आराखडा तयार करीत आणला होता. परवडणारी घरे, लहान उद्योगांतील रोजगार टिकविणे आणि सक्तीचे भूसंपादन टाळणे ही त्याची सूत्रे होती. विद्यापीठास मात्र सर्व इमारतींखालून जाणारे एकसंध तळघर हवे होते, म्हणून सलग जमीन हवी होती. तळघराच्या या एका कल्पनेमुळे जमिनीचा एकही तुकडा दुसऱ्याच्या मालकीचा राहणे विद्यापीठास नको होते.

ऑगस्ट २००७ मध्ये समुदाय मंडळाने विद्यापीठाच्या आराखड्याविरुद्ध प्रचंड बहुमताने मत दिले. या मंडळाचे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे असते. डिसेंबर २००७ मध्ये नगर परिषदेने दोन्ही आराखडे एकाच वेळी मंजूर केले. जेथे ते परस्परविरोधी होते तेथे विद्यापीठाचाच चालला. काही मालकांनी भूसंपादनास न्यायालयात आव्हान दिले. डिसेंबर २००९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. वस्ती जर्जर झाल्याचा अहवाल ज्या सल्लागार संस्थेने राज्याला दिला तीच विद्यापीठाचेही काम करीत होती, यावर त्या निकालात कठोर ताशेरे होते. जून २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि विद्यापीठाचा मार्ग मोकळा झाला.

तथापि १९६८ आणि २००९ यांत एक मोठा फरक आहे. मे २००९ मध्ये विद्यापीठाने वस्तीच्या प्रतिनिधी संस्थेशी १५ कोटी डॉलरचा समुदाय-हित करार केला. त्यात स्थानिक उपक्रमांसाठी निधी, परवडणाऱ्या घरांसाठी निधी आणि शिक्षणशास्त्र महाविद्यालयाशी जोडलेली एक सार्वजनिक शाळा यांचा समावेश होता. ती शाळा २०११ मध्ये सुरू झाली. नव्या परिसराला भिंत नाही, फाटक नाही. शहराचे रस्ते त्यातून पूर्ववत जातात. उपकार म्हणून मिळालेला दरवाजा आणि करारातून मिळालेला हक्क यांतील अंतर ओळखण्याइतपत विद्यापीठ शिकले होते, असे म्हणता येईल. परंतु भाडी वाढली की जुना रहिवासी टिकेलच, याची हमी कोणताही एकरकमी निधी देऊ शकत नाही. शिवाय शिकलेला धडा विसरताही येतो. इ.स. २०२४ मधील विद्यार्थी आंदोलनाच्या काळात जुन्या आवाराची फाटके सर्वसामान्यांसाठी बंद करण्यात आली. त्या आवारातून जाणारा ११६ वा रस्ता एके काळी शहराचा होता, हे शेजाऱ्यांना तेव्हा पुन्हा आठवले.

इतिहासाची कसोटी

या इतिहासावरून विद्यापीठाने भोवतालच्या वस्तीसाठी काय करावे, याच्या तीन कसोट्या हाती येतात. पहिली, आराखडा काढताना रहिवासी कोठे बसले होते? कागद पूर्ण झाल्यावर त्यांना बोलावणे म्हणजे संमती मागणे नव्हे. दुसरी, वस्ती सुधारल्यावर तिच्यात पूर्वीचीच माणसे राहतात काय? घरे नवी झाली व माणसे गेली, तर तो परिसर सुधारला नाही, बदलला गेला. तिसरी, दरवाजा एक आहे की दोन? मुलांची शाळा, दवाखाना, ग्रंथालय, मैदान यांत शेजारी व विद्यार्थी एकाच दाराने जातात, तेव्हाच विद्यापीठ वस्तीचे होते.

कोलंबियातून परतलेल्या बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय इ.स. १९५० मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. उच्च शिक्षणापासून दूर राहिलेला मराठवाडा त्यांनी त्यासाठी निवडला. विद्या जेथे नव्हती तेथे ती नेणे, हा त्या निवडीचा अर्थ आहे. नागसेनवनाच्या नावातच वन आहे आणि ते शहराला लागून आहे. वेळुवनाच्या कसोट्या तेथे सहज आठवतात. आज आपल्या प्रत्येक विद्यापीठाच्या भिंतीबाहेर एखादी वस्ती उभी आहे. तिच्यातील स्त्रिया आवार झाडतात, पुरुष रखवाली करतात, मुले कुंपणातून मैदान पाहतात. समाजशास्त्राचे विद्यार्थी त्या वस्तीची पाहणी करून प्रबंध लिहितात, पण तिच्या पाण्याचा, सांडपाण्याचा, घरांच्या मालकीहक्काचा आराखडा तिच्या रहिवाशांसमवेत बसून करण्याचे काम क्वचितच कोणता विभाग हाती घेतो. अभियांत्रिकी, विधी, आरोग्य व अर्थशास्त्र हे सारे विषय भिंतीच्या आत शिकविले जात असताना भिंतीबाहेरच्या माणसाला त्यांचा उपयोग होऊ नये, हे विद्येला शोभणारे नाही. नालंदेच्या गावकऱ्यांचे म्हणणे कोणी लिहून ठेवले नाही. आपल्या शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकण्यास अद्याप वेळ गेलेली नाही.