गादीवर बसलेली शाई

परवा भाचीच्या टेबलावर शाईच्या चोवीस डब्या मोजल्या. काडेपेटीहून जरा मोठ्या, चौकोनी, प्रत्येकीत वेगळा रंग. मैत्रिणीच्या डोहाळजेवणाची कार्डं ती घरी करत होती. आमच्या पिढीला शाईची गादी म्हटलं की एकच रंग आठवतो, जांभळा. गंजत आलेली पत्र्याची डबी, आत कापड, कापडाखाली फेल्टचा थर. गादी सुकत आली की कारकून शिक्का तोंडाजवळ नेऊन त्यावर ‘हाऽ’ करून वाफ सोडायचा आणि कागदावर दाण्‌कन मारायचा. ठसा उमटायचाच.

भाचीची रीत उलटी. ती शिक्का डाव्या हातात उताणा धरते आणि उजव्या हातातली गादीच त्याच्यावर अलगद थोपटते. तिच्या डबीतली गादी कडांच्या वर उचललेली असते, त्यामुळे तळहाताएवढ्या शिक्क्यालाही बोटभर गादीने शाई लावता येते. कचेरीतली गादी डबीत खोल बसलेली. तिथे शिक्क्यालाच खाली वाकावं लागतं.

एका रंगाचे चोवीस कसे झाले, हे पाहण्याआधी तो एक रंग जांभळाच का होता, हे पाहायला हवं. त्याचं उत्तर शाईत नाही, रबरात आहे.

‘शाई’ हा शब्द फारसी ‘सियाही’वरून आला, म्हणजे मुळात काळेपणा. ‘जांभळी शाई’ म्हणताना आपण ‘जांभळं काळं’ म्हणत असतो, आणि कुणाला काही खटकत नाही. मोडी कागदांवरची शाई खरोखरच काळी, काजळ आणि डिंकाची. पत्राच्या आरंभी शिक्का, शेवटी मजकूर संपल्याचं सांगणारं मोर्तब. दोन्ही मिळून झालेलं ‘शिक्कामोर्तब’ आता कागद सोडून साखरपुड्यापर्यंत पोचलं आहे. चीनमध्ये शिक्क्याचा रंग लाल. तिथला लेप हिंगुळाची पूड, एरंडेल आणि दवण्याच्या कुळातल्या एका झुडपाचे तंतू घोटून करतात. चित्रकार आणि सुलेखनकार आजही तोच वापरतात, कारण हिंगूळ पाण्यात विरघळत नाही.

युरोपात धातूच्या शिक्क्यांना तेलाची शाई लागायची. आपल्या देशातलीच एक हकिकत सांगतो. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शल नावाचा इंग्रज अधिकारी होता. रस्त्याची खडी पुरवण्याचा करार त्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी केला. नुसत्या सहीवर त्याचा भरवसा नव्हता. कचेरीच्या शिक्क्यासाठी घरीच बनवलेली तेलाची शाई त्याने कोनाईच्या पंजाला फासली आणि पंजा करारनाम्याच्या पाठीवर दाबला. बोटांच्या ठशांच्या सरकारी शास्त्राची सुरुवात अनेक जण तिथून धरतात. मला त्यात रस वेगळा आहे. १८५८ साली एका साहेबाला शिक्क्याची शाई घरी करावी लागत होती, आणि ती तेलाची होती.

त्याच सुमारास रबराचा नवा उपयोग लोकांच्या ध्यानात येत होता. चार्ल्स गुडइयरने रबरात गंधक घालून ते तापवलं आणि १८४४ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. आता रबर उन्हात पाघळेना, थंडीत तडकेना. त्याचा मोठा फायदा उठवला दातांच्या डॉक्टरांनी. प्लॅस्टरच्या साच्यात कच्चं रबर दाबायचं, छोट्या बंद भांड्यात वाफेवर शिजवायचं, की कवळीची पाळ तयार. १८६० च्या दशकात अमेरिकेत कुणाच्या तरी डोक्यात आलं की साच्यात हिरड्यांऐवजी खिळे, म्हणजे छापखान्यातली अक्षरं, दाबली तर? ही कल्पना पहिली आपलीच, असं सांगणारे एकाहून अधिक निघाले. त्या भांडणात मी पडत नाही. कवळी आणि रबरी शिक्का एकाच भांड्यात शिजले, एवढं मात्र खरं.

पण शिक्का हाती आला आणि शाई आडवी आली. तेल लागलं की नैसर्गिक रबर फुगतं. अक्षरांच्या कडा सुजतात, ‘ठ’ आणि ‘ट’ एकसारखे दिसू लागतात, पुढे रबर चिकट होऊन कुजतं. पितळेला शतकानुशतकं चाललेली शाई रबराला चालेना. आता शाईत तेल असून भागणार नव्हतं. पाण्यात काजळ कालवावं तर गादी तासाभरात वाळते आणि काजळाचे कण कापडातच अडकून बसतात. कापडातून आरपार झिरपेल असा, पाण्यात पूर्ण विरघळणारा गडद रंग हवा होता.

त्याची वाट आधीच लंडनमध्ये चुकून सापडली होती. १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत अठरा वर्षांचा विल्यम पर्किन घरच्या प्रयोगशाळेत हिवतापावरचं क्विनीन तयार करू पाहत होता. क्विनीन झालंच नाही, काळा गाळ मात्र बसला. भांडं धुताना त्यात स्पिरिट घातलं तर ते जांभळं झालं. हा मॉव्ह. पर्किनने त्यासाठी वापरलेलं अ‍ॅनिलिन अशुद्ध होतं, आणि ते शुद्ध असतं तर हा रंग मिळालाच नसता. १८५८ च्या जानेवारीत राणी व्हिक्टोरियाने मुलीच्या लग्नात मॉव्ह रंग मिरवला आणि इंग्लंडला जांभळ्याचं वेड लागलं.

‘अ‍ॅनिलिन’ हे नाव आपल्याला परकं वाटतं, पण ते आपल्याच घरचं आहे. संस्कृत ‘नील’, अरबीत ‘अन्‌-नील’, पोर्तुगीजांकडे ‘अनिल’. १८४० साली फ्रिट्शे या रसायनशास्त्रज्ञाने निळीचं ऊर्ध्वपातन करून एक तेलकट द्रव काढला आणि त्याला हे नाव दिलं. पर्किनचं अ‍ॅनिलिन मात्र निळीचं नव्हतं, डांबराचं होतं. पुढे याच डांबराच्या रंगांनी निळीच्या शेतीचा धंदा बसवला. नाव निळीचं घेतलं आणि पोटावर पायही निळीच्याच दिला.

पर्किनमागोमाग डांबरी रंगांची रीघ लागली. १८६१ साली पॅरिसच्या चार्ल्स लॉथने मिथाइल व्हायोलेट काढला. चिमूटभर टाकला तर बादलीभर पाणी गडद करणारा, आणि स्वस्त. शिक्कावाल्यांना हवा होता तो हाच. पाणी उडून जाऊ नये म्हणून त्यात ग्लिसरीन घातलं. ग्लिसरीन म्हणजे साबण आणि मेणबत्त्यांच्या कारखान्यात मागे उरणारा गोडसर द्रव, त्याचीही वाण नव्हती. ते रबराला सुजवत नाही आणि हवेतली ओल ओढून घेतं. त्यामुळे डबी उघडी राहिली तरी गादी सहसा वाळत नाही. कागदावर ठसा वाळतो तोही वाऱ्याने नव्हे; शाई कागदात मुरते म्हणून. जिथे मुरायला जागाच नाही, म्हणजे गुळगुळीत फोटो किंवा प्लॅस्टिक, तिथे तोच ठसा बोट लागताच पसरतो. कारकुनाच्या ‘हाऽ’चा उलगडाही इथेच होतो. रबरावर उरलेला सुकलेला थर श्वासातल्या ओलाव्याने पुन्हा विरघळायचा.

रंग जांभळा राहण्याला दुसरंही एक सोयीचं कारण होतं. काळ्या मजकुरावर काळा शिक्का मारला तर दोन्ही वाचता येत नाहीत. काळ्यावर जांभळा उठून दिसतो. याच कुळातला रंग जेन्शन व्हायोलेट म्हणून दवाखान्यात गेला. लहानपणी तोंड आलं की डॉक्टर जीभ जांभळी करून पाठवायचे. १८८४ साली ग्राम या शास्त्रज्ञाने जंतू ओळखण्याची रीत काढली तीही या रंगावर. परीक्षेचे जांभळे, स्पिरिटचा वास मारणारे पेपर ज्यांनी सोडवले, त्यांनी तोच रंग पाहिला आहे.

पण या शाईत एक खोट होती, आणि ती अंगभूत होती. जी शाई पाण्यात विरघळून कापडातून झिरपते, ती कागदावर गेल्यावरही पाण्याला ओळख देतेच. आमच्या घरी एका पावसाळ्यात कपाटात ओल आली. वडिलांच्या एका दाखल्यावर गोल शिक्का होता, त्याचं जांभळं तळं झालं. मजकूर शाबूत, शिक्का गायब. दाखला दाखवायला गेलो तर ‘शिक्का कुठाय?’ असा प्रश्न आला, आणि तळ्याकडे बोट दाखवूनही उपयोग झाला नाही. उजेडातही हा रंग उडतो. दुकानाच्या काचेत लावलेला परवाना चार उन्हाळ्यांत आपला शिक्का विसरतो.

या खोटीचा उपयोग करून घेणारं सरकारही होतं. १८४० साली ब्रिटनमध्ये पहिलं काळं टपालतिकीट निघालं, तेव्हा ते रद्द करायचा शिक्का लाल होता. लोक तो धुऊन तिकीट पुन्हा चिकटवू लागले, म्हणून वर्षभरात तिकीट लाल झालं आणि शिक्का काळा. पुढे १८८३-८४ मध्ये तिकिटंच फिक्या जांभळ्या आणि हिरव्या, पाण्याने पसरणाऱ्या शाईत छापली. शिक्का धुवायला गेलं की तिकीटही वाहून जायचं.

एका रंगाचे अनेक झाले ते कचेरीबाहेर. जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्सने १९१९ साली कचेरीतले शिक्के घेऊन चित्रं काढली. ती मजा होती, बाजार नव्हता. बाजार उभा राहिला अमेरिकेत, आणि त्यामागे घरचे फोटो होते. १९८० साली सॉल्ट लेक सिटीतल्या वंशावळ-नोंदींच्या जागतिक परिषदेत युटाच्या मॅरिलन क्रिस्टेन्सनने आपल्या कुटुंबाचे कित्येक अल्बम मांडले. बघणाऱ्यांना तेच वेड लागलं. अल्बममधल्या फोटोंभोवती फुलं, तारखा, किनारी छापायला रंगीत गाद्या लागू लागल्या.

तिथे जुनी खोट पुन्हा वर आली. नातवंडांसाठी ठेवायचा अल्बम, आणि शाई उडणारी. म्हणून पिगमेंट इंक आली. तिच्यात रंग विरघळलेला नसतो, बारीक कणांच्या रूपात तरंगत असतो. ती सावकाश वाळते, कागदावर बसून राहते आणि टिकते. कणांना फेल्ट मानवत नाही, म्हणून तिच्या गादीत बहुधा स्पंज असतो. डाय इंकची, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईची, गादी फेल्टचीच राहिली. माझं मत विचाराल तर अल्बमला पिगमेंट, कार्डाला डाय. कार्ड वाढदिवसाचं असतं, शंभर वर्षांचं नसतं.

आणि कार्ड करणाऱ्यांनी खोटीलाच गुण करून टाकलं. भाचीने कार्डस्टॉकवर निळा ब्रशने घासला, कडेला गुलाबी, मधे दोन्ही मिसळून जांभळा. डाय इंक पारदर्शक, म्हणून खालचा रंग वरच्यातून दिसतो. मग तिने बोटं पाण्यात बुडवून त्यावर झटकली, क्षणभर थांबली आणि टिशूने टिपून घेतलं. थेंब पडले तिथे रंग मागे सरला आणि फिके गोल उमटले, पावसाच्या पहिल्या सरीसारखे. अमेरिकेतल्या टिम होल्ट्झने रेंजर कंपनीसाठी केलेल्या डिस्ट्रेस इंक या खास यासाठीच आहेत. पाणी लागलं की पसराव्यात, असं ठरवूनच केलेल्या.

मी तिला जुन्या दाखल्याचं तळं दाखवलं. “मामा, हा इफेक्ट मस्त आहे,” ती म्हणाली.

असल्या डब्या घरात आल्याच तर दोन गोष्टी करा. डबी उलटी ठेवा, म्हणजे शाई फेल्टच्या तळाशी न बसता वर येते. आणि गादी कोरडी वाटली तर तिच्यावर पाणी ओतू नका, रंग फिका पडतो. त्याच रंगाच्या रीइंकरचे, म्हणजे गादीत भरायच्या सुट्या शाईचे, चार थेंब घाला आणि रात्रभर झाकून ठेवा.